टेपखालचं हँडल

मी जनावरांची डॉक्टर आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी करते. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून दोन दिवसांपूर्वी मेलेलं रेडकू ओढून काढायचं, नळाखाली हात धुवायचे आणि त्याच घरच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खायची, हे मी इतक्या वेळा केलंय की त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. किडे पडलेली जखम, फुटलेलं गळू, उन्हात फुगलेल्या बैलाचं शवविच्छेदन, कशानंच मला कधी मळमळलं नाही. आमचा ड्रेसर म्हणतो, "म्याडमला नाकच न्हाई." त्यामुळे एका सायकलच्या हँडलनं मला शिसारी आणली असं मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी हसतो.

सायकलचं वेड मला चाळिशीत लागलं. खरं तर ट्रायथलॉनचं. आधी पोहायचं, ओल्या अंगानंच सायकलवर बसायचं, सायकल ठेवून पळत सुटायचं, आणि प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा. पहिल्याच स्पर्धेत, समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या रस्त्यावर, सायकलची मर्यादा माझी चार मिनिटांनी हुकली. पिवळी टोपी घातलेल्या एका मुलीनं "सॉरी मॅम" म्हणत माझ्या घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा सोडवून घेतला. पाय दुखत नव्हते, दमही होता. समोरून वारा होता आणि मी दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीसारखी तो सगळा अंगावर घेत आले होते.

म्हणून मी खास ट्रायथलॉनची सायकल घ्यायची ठरवली. नवी परवडणारी नव्हती. एका मोठ्या शहरातल्या माणसाची वापरलेली सायकल इंटरनेटवर दिसली. फोटोत ती काळीभोर, चकचकीत होती. फोनवर तो माणूस फार गोड बोलला. "मॅडम, मुलासारखी जपलीय," म्हणाला.

अशा सायकलच्या पुढच्या भागाला कॉकपिट म्हणतात. आडवं हँडल, त्याच्या दोन टोकांना ब्रेक. हँडलच्या मधून पुढे निघालेल्या दोन नळ्या, त्यांच्या टोकांना गिअर. नळ्यांच्या मुळाशी कोपरं टेकवायला दोन वाट्या आणि वाट्यांत फोमच्या गाद्या. कोपरं त्या वाट्यांत ठेवायची, हात पुढे ताणायचे, पाठ सपाट करायची आणि डोकं खांद्यांमध्ये खाली घालायचं. छाती वाऱ्याला सापडत नाही, सायकल वारा कापत जाते. एवढंच त्याचं शास्त्र. फक्त या अवस्थेत ब्रेक हातात नसतात. ते मागे, रुंद हँडलच्या टोकांना राहतात.

सायकल आली आणि दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी राहिली. आठवड्याभरात नवरा म्हणाला, "घरात उंदीर मेलाय." आम्ही सोफा सरकवला, कपाटामागे बॅटरी मारली, स्टुलावर चढून पंख्याच्या पातीवर पाहिलं. उंदीर सापडला नाही. वास सायकलीपाशी आलं की वाढायचा. मला वाटलं, नवं रबर असेल.

दोन नळ्यांच्या मध्ये पाण्याची एक चपटी बाटली बसवलेली होती. तिची वाकडी नळी सरळ तोंडाशी येते, म्हणजे हात न हलवता पिता येतं. मी ती बाटली गरम पाण्यानं धुतली होती. तीन आठवडे त्या नळीनं पाणी प्यायले. एका रविवारी पाण्याबरोबर तोंडात काहीतरी बुळबुळीत आलं. मी ते हातावर थुंकून काढलं. शेवाळासारखा काळा, लांबट तुकडा होता. घरी येऊन नळी ब्लेडनं उभी चिरली. आतून ती टोकापासून बुडापर्यंत काळी होती. मऊ, केसाळ. दुसऱ्याच्या तोंडाशी लागलेली, दुसऱ्याच्या उरलेल्या सरबतावर वाढलेली ती बुरशी मी तीन आठवडे चोखत होते. त्या दिवशी मी चार वेळा दात घासले.

नळी फेकली तरी वास होताच. मग मी सायकल मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री साठीच्या पुढचे. स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं दुकान. आयुष्य काळ्या दणकट सायकलींची पंक्चरं काढण्यात गेलं. परभणीत आमच्यासारखे पाच-सहा वेडे झाल्यापासून मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी आमच्या सायकलीही शिकून घेतल्या. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मी त्यांना म्हणाले, "चाचा, हे पूर्ण कॉकपिटच बदलायचं. नवं मागवलंय, पुढच्या आठवड्यात येतंय. तोपर्यंत हे उतरवून ठेवा."

चाचांनी हँडलवरची टेप सोडायला घेतली. टेप म्हणजे हाताला पकड मिळावी म्हणून गुंडाळलेली जाड, मऊ पट्टी. वरचे दोन वेढे कोरडे निघाले. तिसरा चिकटून आला. मग प्रत्येक वेढ्याबरोबर एक चिकट तार लांबत येऊ लागली, आणि त्या तारेबरोबर तो वास. आंबलेलं ताक, ओले मोजे, आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर. त्या माणसानं वर्षानुवर्षं गाळलेला घाम आणि त्यावर सांडलेली साखरेची सरबतं टेपखाली मुरली होती. मेलेल्या मुंग्यांचा थर होता. चाचांनी तोंड फिरवलं, दुकानाबाहेर जाऊन खाकरले, परत आले आणि नाकाला रुमाल बांधून पुढचे वेढे सोडले.

आत हँडलवर पापडखारासारखी पांढरी भुकटी साचली होती. चाचांनी ती ब्रशनं झाडली. खाली धातूला खड्डे पडलेले. एके ठिकाणी मात्र, बरोबर जिथे नळ्या हँडलला जोडतात तिथे, गुळगुळीत काळा पट्टा. चाचांनी त्यावर नखानं खरवडलं. काळा रंग निघाला, पेनाचा होता. खाली करडी लांबी, मोटारीच्या पत्र्याला पोचा आला की गॅरेजवाले भरतात ती. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून जरा दाबलं. ते चिरेतून आत गेलं, आरपार.

"ॲल्युमिन नै रहा ये डॉक्टरनीबाई," चाचा म्हणाले, "बिस्कुट हो गया. इसपे तुम जिंतूर रोड का उतार उतर रहे थे?"

मी हो म्हणाले. दोन्ही कोपरांचा भार टाकून उतरत होते. महिनाभर.

त्या क्षणी मला जे झालं ते भीतीनं झालं नाही. हे कुणीतरी पाहिलं होतं, हा विचार आला. कुणीतरी ही टेप सोडली होती, हा वास घेतला होता, ही चीर पाहिली होती. मग शांतपणे लांबी कालवली, बोटानं सारखी केली, वाळू दिली, पेनानं काळी रंगवली, त्यावर नवी टेप गुंडाळली आणि फोटो काढले. माझ्यासाठी. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला खरोखर ओकारी आली. निघालं काही नाही, नुसतं आंबट पाणी.

तिथूनच त्या माणसाला फोन लावला. तो आधी ओळखच देईना. मग म्हणाला, "वापरलेली सायकल आहे मॅडम, शोरूमची नाही."

"हँडलला चीर होती. तुम्ही लांबी भरून लपवलीत."

"मी नाही भरली. मला पण अशीच मिळाली होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "टेप काढायला सांगितली कुणी तुम्हाला? परत गुंडाळा आणि पुढे द्या. तुमच्याकडे कुणाला काय कळणार आहे?"

'तुमच्याकडे' हा शब्द त्यानं असा उच्चारला की मी फोन कानापासून लांब धरला. चाचा मान खाली घालून ब्रश धूत होते.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढची सांगत नाही.

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये बँकेत काम करणारा एक जण होता. माझं नवं कॉकपिट येणार हे कळल्यापासून तो मागे लागला होता, "ताई, जुनं मला द्या बरं का, दुसऱ्या कुणाला देऊ नका." मी त्याला हो म्हणून बसले होते. फोन झाला त्या संध्याकाळी त्याचा पुन्हा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही. सरळ लिहायला हवं होतं की हँडल तुटकं आहे. लिहिलं नाही. मनात म्हटलं, तो अंगानं हलका आहे. रविवारी नाक्यापर्यंत जातो, चहा पितो, परत येतो. त्याला उतार कुठे लागतात? दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारात गेले आणि टेपची एक जोडी विकत घेतली. काळी, जाड. नव्या हँडलला तयार टेप येणार होती, म्हणजे मला ही लागणारच नव्हती. कशाला घेतली हे मी स्वतःला विचारलं नाही. पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेले तर जुन्या हँडलचे चार तुकडे भंगाराच्या डब्यात पडले होते. करवतीनं कापलेले.

"मैंने काट दिया," चाचा म्हणाले. "गाली देना है तो दो."

"अहो, मला विचारायचं तरी होतं!" माझा आवाज चढला. शेजारचा पानवाला बघायला लागला.

"पूछा तो तुम क्या बोलते थे?"

चाचांनी हे रागानं विचारलं नाही. त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं वाटलं. पर्स मी दोन्ही हातांनी धरून उभी होते. त्या शहरातल्या माणसात आणि माझ्यात दोन दिवसांचं आणि एका करवतीचं अंतर होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं आणि स्वतःच्याच अंगाचा वास यावा तसं झालं. बँकेतल्या त्या माणसाला मी तिथूनच मेसेज केला. हँडल खराब निघालं, मोडीत काढलं. तो म्हणाला, काही हरकत नाही ताई.

नवं कॉकपिट आलं. कार्बनचं, पाण्यातल्या माशासारखं सपाट आणि हातात घेतलं तर वजनच नाही. वायर सगळ्या आतून. त्याच्याबरोबर आलेली टेप पातळ निघाली म्हणून चाचांना मी पर्समधली दिली. त्यांनी ती गुंडाळली. हँडलच्या खाली उंची वाढवायला चकत्या असतात. मी म्हणाले, "चाचा, सगळ्या चकत्या काढा. जेवढं खाली जाईल तेवढं."

"इत्ता नीचे कायकू? रस्ता कैसा दिखेंगा?"

"मान वर केली की दिसतो."

"और मान दुखी तो?"

मी हसले. ती चार मिनिटं माझ्या डोक्यात होती. त्यांनी चकत्या काढून एका छोट्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या.

जानेवारीतली सकाळ होती. उजाडल्यावर निघाले. जिंतूर रोडला लागले, कोपरं वाट्यांत टेकवली आणि सायकल नुसती सुटली. वारा कानांवरून जात होता, छातीला लागत नव्हता. दोन्ही बाजूंना करडई, ज्वारी, मध्ये मध्ये उपटायच्या राहिलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. मी खालीच पाहत होते, पुढच्या चाकाच्या चार हात पुढे. बोरी गावाच्या अलीकडेपर्यंत मी एकदाही उठून बसले नाही. इतकी खूश मी क्वचितच असते.

मागून एक काळीपिवळी जीप आली. दारातसुद्धा माणसं. पार करताना तिनं हॉर्न वाजवला आणि मागच्या सीटवरच्या एका माणसानं मान बाहेर काढून गुटख्याची पिचकारी टाकली. माझ्यावर टाकायची असं नसेल. पण मी नेहमीच्या सायकलस्वारापेक्षा हातभर खाली होते, तोंड पुढे काढून, आणि पाण्याची नवी नळी ओठांत धरलेली. सगळं तोंडावर आलं. गार नव्हतं, कोमट होतं. चष्म्याच्या काचेवर लाल ओघळ, गालावर, हनुवटीवर, नव्या गाद्यांवर, आणि नळीच्या टोकावर. ओठांच्या कडेनं आत गेलं. सुपारी, चुना आणि परक्या माणसाच्या तोंडाची चव. मी थुंकले, पुन्हा थुंकले. खांद्याला तोंड पुसलं तर ते आणखी पसरलं.

राग आला की माणूस उठून उभा राहतो, ओरडतो. मी आणखी खाली वाकले. गिअर टाकला आणि त्या जीपच्या मागे सुटले. त्या माणसाला गाठून, खाली उतरवून, त्याच्या तोंडासमोर उभं राहून नेमकं काय करणार होते देव जाणे. काचेतून रस्ता लाल दिसत होता. मला जीपचं मागचं दार तेवढं हवं होतं.

कालव्याच्या पुलाच्या पुढे रस्ता जरा उताराला लागतो. जीपनं अचानक ब्रेक मारून डावीकडे मातीत उतरून वळसा घेतला. मी मान वर केली तेव्हा समोर मेंढरं होती. अख्खा रस्ता भरून. हात ब्रेकपाशी न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मिळाला नाही. पुढच्या दोन नळ्या एका मेंढीच्या कुशीवर आदळल्या, ती आडवी झाली, मी तिच्यावरून रस्त्याच्या कडेच्या मातीत गेले.

उठले. ढोपर फुटलं होतं, तळहात सोलला होता. मी उठले आणि पहिलं काम काय केलं, तर सायकल उचलली. नळ्या हलवून पाहिल्या. हँडलवरून बोट फिरवलं, कार्बनला कुठे चीर गेली का ते नखानं चाचपलं. गुडघ्यावर बसून खालच्या बाजूनं पाहिलं. हे किती वेळ चाललं होतं सांगता येत नाही. मागे मेंढी ओरडत होती.

"बाई, लागलं का तुमाला?"

पन्नाशीची बाई होती. काठी हातात, डोक्यावर पदर, पायात नवऱ्याचे बूट असावेत. मी मान हलवली.

"न्हाई ना लागलं? मग हिकडं बघा की. मगापासून सायकलच बघायलाव." मग माझ्या तोंडाकडे नीट पाहून ती म्हणाली, "अगं बया, रक्त!"

"रक्त नाही मावशी. गुटखा आहे. जीपमधून थुंकला."

तिनं कमरेची बाटली काढून माझ्या हातावर पाणी ओतलं. मी तोंड धुतलं. चष्मा उतरवला तसं तिनं मला ओळखलं. "तुमी दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई न्हाई का? आमच्या मेंढरायला लस टोचायला आल्ता." आणि मग, हळू, जणू स्वतःशीच, "डाक्टर हाय अन् आदी सायकल बघितली."

मी मेंढीपाशी बसले. पुढच्या उजव्या पायाचं हाड मोडलं होतं. कातडी फाटलेली नव्हती, तेवढं बरं. पोट भरलेलं.

"गाभण हाय," ती म्हणाली. "शेवटचा म्हैना."

जवळ काहीच नव्हतं. मी सायकलच्या वाट्यांतल्या फोमच्या गाद्या उपटून काढल्या, स्वच्छ बाजू आत करून पायाभोवती धरल्या. मावशीनं पऱ्हाटीच्या दोन सरळ काड्या मोडून आणल्या. बांधायला दोरी नव्हती. मी हँडलवरची नवी टेप सोडली, दोन्ही बाजूंची, आणि ती पायाला घट्ट गुंडाळली. मावशीनं मेंढीचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती मधून मधून माझ्या हातांकडे बघायची आणि मधून मधून उघड्या पडलेल्या हँडलकडे.

मग मी मेंढीच्या पोटावर तळवा ठेवला. आत हालचाल लागली नाही. दर वेळी लागतेच असं नाही, हे खरं आहे. तेच मी स्वतःला सांगितलं. मावशीला म्हणाले, "बरी होईल. पिल्लूही बरं आहे."

असं मी कधीच बोलत नाही. मालकाला खरं सांगायचं, ही माझी सवय आहे, आणि त्यामुळे लोक मला फटकळ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात फोन आला. मावशीच्या नवऱ्याचा. "मेंढी गाभ टाकायलीय बघा. आर्दं अडकलंय." मी प्लास्टरचं सामान घेऊन स्कूटरवर गेले. त्यांचा मुक्काम रस्त्यापासून आत, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात होता. खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढी जाळीच्या कोपऱ्यात आडवी पडली होती. तिच्या कुशीवरची लोकर बाजूला केली तर नळीच्या टोकाएवढे दोन गोल, काळे-निळे, शेजारी शेजारी.

मेलेलं पिल्लू काढायला पाच मिनिटं लागली. पूर्ण भरलेलं होतं, ओल्या लोकरीचं, डोळ्यांवर पापण्या नीट. मी ते गोणपाटावर ठेवलं, मेंढीला इंजेक्शन दिलं, मग तिच्या पायाची टेप कापून प्लास्टर घातलं. सगळं व्यवस्थित केलं. मग उठले, बांधापर्यंत गेले आणि ओकले. सकाळचा चहा, पोहे, सगळं. थांबेचना.

मावशी तांब्या घेऊन आली. पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "इतक्या वर्साच्या डाक्टर तुमी, तुमालाबी घाण वाटती व्हय?"

कशाची, ते मी तिला सांगितलं नाही. चूळ भरली.

नुकसानीचं बोलणं तिच्या नवऱ्यानं केलं. त्याचं म्हणणं रास्त होतं, मी मान्य केलं. त्या बोलण्याच्या वेळी मावशी तिथे थांबली नाही. जाताना मी तिला गाठून म्हणाले, "काल मला शंका आली होती मावशी. पिल्लाची. मी बोलले नाही."

"मला दिसलं की," ती म्हणाली. "तुमचं तोंड दिसलं." आणि शेण भरायला वळली.

त्या संध्याकाळी मी चकत्यांची पिशवी घेऊन चाचांकडे गेले.

"कित्ते डालू?"

"सगळ्या. आणि तुमच्याकडे असतील तर आणखी दोन. आणि एक घंटी बसवा."

"इसको घंटी?" चाचांना त्या सपाट, चकचकीत हँडलवर घंटी कुठे बसवावी कळेना. शेवटी त्यांनी एका नळीला रबर गुंडाळून साधी पितळी घंटी बसवली. फार वाईट दिसत होती. ग्रुपमधले लोक तिचा फोटो काढून एकमेकांना पाठवत राहिले. नवं कॉकपिट घेऊन मी जुन्यापेक्षाही उंच बसायला लागले होते. वारा पुन्हा छातीवर. पण मान न उचलता रस्ता दिसत होता, आणि गावं आली की मी कोपरं उचलून हात ब्रेकवर ठेवायची शिस्त लावून घेतली.

प्लास्टर काढायला महिन्यानं गेले. हाड जुळलं होतं, जरा तिरकं. मेंढीनं पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मावशी खूश दिसली. मला मात्र त्या तिरकेपणाचंच वाईट वाटत राहिलं. पहिल्याच दिवशी प्लास्टर पडलं असतं तर कदाचित सरळ जुळलं असतं.

मार्चमध्ये स्पर्धा झाली. सायकली लावायच्या जागी शेकडो सायकली ओळीत टांगलेल्या, सगळ्यांची हँडलं खाली. शेजारच्या माणसानं माझ्या चकत्यांकडे पाहिलं आणि फार आपुलकीनं समजावलं की ताई, हे तीन बोटं खाली घेतलं तर तुमचा किती वेळ वाचेल. वर म्हणाला, "घंटी कशाला?"

"मेंढरं असतात," मी म्हणाले.

त्याला वाटलं विनोद केला. तो खूप हसला. मी हसले नाही तसा तो आपल्या टायरमधली हवा बघायला लागला.

सायकलची मर्यादा मी थोडक्यात गाठली. पळणं रडतखडत संपवलं. गळ्यात पदक पडलं. आनंद झाला, नाही असं नाही, पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला. लॉजच्या न्हाणीघरात मी सायकल आत घेतली आणि टेप सोडायला बसले. आता दर महिन्याला मी ती सोडते, हँडल पुसते, धुते, नवी गुंडाळते. पहिले दोन वेढे कोरडे निघतात, तिसऱ्यापासून वास सुरू होतो. आंबट, कुबट. आता तो माझाच असतो, एवढाच फरक. किळस तेवढीच येते. तरी मी टेप पूर्ण सोडते, खालचं हँडल चारही बाजूंनी बघते आणि मगच नवी लावते.

परत आल्यावर एका रविवारी त्या मेंढीसाठी कॅल्शियमची बाटली आणि थोडी औषधं पाठीवरच्या पिशवीत घालून त्या वावराकडे गेले. मेंढरं नव्हती. जाळीच्या खुंट्यांची भोकं, लेंड्यांचा काळा थर, तीन दगडांची चूल. शेतकरी बैलांना पाणी पाजत होता.

"गेले की ते," तो म्हणाला. "आठ दिस झाले. पूर्णेच्या कडंकडंनं गेले."

"त्यातली एक मेंढी होती, पाय मोडलेली."

"हां, ती लंगडती. मागं राहती जरा. मग ती बाई थांबती तिच्यासाठी, अन् नवरा शिव्या देतो." तो हसला. मग माझ्या सायकलीकडे बघत त्यानं विचारलं, "तिला धडकली ती सायकल तुमचीच का?"

मी हो म्हणाले. त्याच्या गोठ्यात एक म्हैस व्यायला आली होती. मी तिला तपासलं, कॅल्शियमची बाटली त्याच्याकडे दिली, कधी आणि किती पाजायचं ते सांगितलं. मग सायकल बांधावरून उचलून रस्त्यावर आणली.